गोदावरीत दोन-चार दिवसांची कॅनो ट्रिप: पाणी किती असलं की जायचं अन् कधी घरी बसायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पैठणच्या खाली गोदावरीत कॅनो टाकायची, वल्हवत जायचं, काठावर मुक्काम करायचा, ही हौस आता संभाजीनगर, परभणी, नांदेडकडच्या बऱ्याच जणांना लागलीय. विचारणारे बोट कोणती, टेंट कोणता हे आधी विचारतात अन् पाण्याचं शेवटी, निघायच्या आदल्या रात्री. म्हणून इथं फक्त पाण्याचंच लिहिलंय. बहुतेक सगळं पैठण ते नांदेड डोक्यात धरून आहे, पूर्णा, सिंदफणा, दुधना येतील तिथं येतील.

आमच्याकडं महिनाभर पाऊस नाही, मग पुराचं टेन्शन कशाला?

कारण हे पाणी आपल्या पावसाचं नसतंच. आपल्याकडं कडक ऊन, कापूस सुकायलाय, अन् गंगेला (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) दुथडी पाणी, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गंगथडीच्या माणसाला विचारा, त्याला त्यात काही नवल वाटत नाही. पाऊस पडतो त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, अकोले ह्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात. तिथून गंगापूर, दारणा ह्या धरणांचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून खाली येतं, भंडारदरा-निळवंडेचं प्रवरेतून येतं, मुळेचं मुळेतून, अन् हे सगळं येऊन पडतं नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणात. नाथसागर भरत आला की पैठणचे दरवाजे उचलतात, अन् मग ते आपल्याकडं. त्यामुळं मोबाईलवर हवामान बघायचं तर परभणीचं बघून अर्धंच काम होतं, नाशिक अन् नगरच्या घाटाकडचं बघा. परभणीचं पण बघा, ते ओढ्या-नाल्यांसाठी, त्याचं खाली येतंच.

म्हणजे सगळ्यात आधी काय बघायचं?

जायकवाडीची आवक किती, साठा किती, विसर्ग किती. ह्याच क्रमानं. लोक फक्त विसर्ग बघतात, "आज काहीच सोडलं नाही ना, चला". पण आजचा विसर्ग आजचं सांगतो, तुमची ट्रिप परवा संपणार आहे. परवाचं आवक अन् साठा ह्या दोघांच्या हिशोबातून कळतं.

धरण ४० टक्के असताना जास्त सेफ का ९५ टक्के असताना?

पैठणच्या खाली असाल तर ४० टक्के असताना. उलटं वाटतं लोकांना, "धरणात पाणी कमी म्हणजे नदीत कमी, मग कॅनो कशी चालणार". नाथसागराची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) वर आहे, त्यातला उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या आसपास, अन् बातमीत जी टक्केवारी देतात ती ह्या उपयुक्त साठ्याची. धरण निम्मं रिकामं असलं अन् नाशिकला धो धो पडला तरी सगळं पाणी पोटात घ्यायला जागा असते, खाली एक थेंब सोडायची गरज नाही. ९५ टक्क्यांवर मात्र जागा उरते साडेतीन-चार टीएमसीची. आता हिशोब करा, साडेअकरा हजार क्युसेक (क्युसेक म्हणजे काय ते पुढच्याच प्रश्नात) पाणी चोवीस तास चाललं की एक टीएमसी होतं. वरून ४५ हजारांची आवक आली तर ती राहिलेली जागा एका दिवसात संपली. अन् धरणवाले पण १०० टक्के व्हायची वाट बघत बसत नाहीत, आधीच सोडायला सुरुवात करतात. म्हणून सप्टेंबरात साठा नव्वदीच्या वर गेला अन् परतीच्या पावसाचा अंदाज असला की मुक्कामी ट्रिप आम्ही सरळ पुढं ढकलतो, मग त्या दिवशी विसर्ग शून्य का असेना.

"१८ दरवाजे अर्धा फूट उचलले, ९४३२ क्युसेक" असा मेसेज येतो, ह्याचा अर्थ कसा लावायचा?

पैठणच्या सांडव्याला, म्हणजे जादा पाणी नदीत सोडायच्या जागेला, एकूण २७ दरवाजे आहेत, त्यातले १८ नियमित अन् ९ आपत्कालीन. धरण भरलेलं असताना एक दरवाजा अर्धा फूट उचलला की साधारण सव्वापाचशे क्युसेक जातं, १८ चे झाले साडेनऊ हजाराच्या जवळ, एक फूट केले की डबल. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, २८ लिटर धरा. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २८३ घनमीटर. नदीचं पात्र २०० मीटर रुंद अन् दीड मीटर खोल असेल तर हेच पाणी सेकंदाला एक मीटरच्या जरा खाली वेगानं चाललंय, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. ऐकायला काहीच नाही वाटत. पण तेच पाणी पुलाच्या दोन खांबांत किंवा बंधाऱ्याच्या दोन गाळ्यांत घुसतं तेव्हा रुंदी चौथाईवर येते, अन् वेग कुठच्या कुठं जातो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग डबल झाला तर जोर चौपट. गुडघाभर पाण्यात माणूस पडतो तो ह्याच्यामुळंच.

मेसेजमधे वेळ बघायला विसरू नका. ग्रुपवर कालचा मेसेज आज फिरत असतो, कधी कधी गेल्या वर्षीचा पण.

आकडा सांगा सरळ. किती क्युसेकला उतरायचं?

सरळ आकडा द्यायला मला आवडत नाही, पण विचारणारे ऐकत नाहीत, म्हणून माझं मत सांगतो, नियम म्हणून घेऊ नका. फक्त जलविद्युत केंद्रातून पाणी चालू असेल, ते साधारण दीड हजार क्युसेकच्या आसपास असतं, तर नवख्यांना पण हरकत नाही. सांडव्याचा एक जरी दरवाजा उघडा असेल तर मुक्कामाची ट्रिप नको. ह्याचं कारण पैठणला नाही, खालच्या बंधाऱ्यांवर आहे, पुढच्या दोन-तीन प्रश्नांत येईल.

जायकवाडीचं आवर्तन सुटलंय म्हणे, मग नदीला पाणी आलं असेल ना?

नाही. आवर्तन म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, ती कालव्याला सुटते. डावा कालवा परभणीकडं जातो, उजवा बीडकडं, माजलगावच्या धरणात पाणी टाकतो. नदीत त्याचा काही संबंध नाही, झिरपून येईल तेवढंच. पेपरात "जायकवाडीतून पाणी सोडले" असं आलं की कालव्यात का नदीपात्रात एवढं वाचूनच गाडीवर कॅनो बांधा. अन् कालव्यात कॅनो घालायचा विचार पण करू नका, गुळगुळीत उताराचे काठ असतात, पडलात तर वर चढायला पकडायला काही नाही.

मधले बंधारे किती अन् त्यांचं पाण्याशी काय?

खरी गोष्ट इथं आहे. पैठणच्या खाली गोदावरी ही सलग वाहती नदी अशी आता पावसाळ्यातच दिसते. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस, अंतेश्वर, मग विष्णुपुरी, अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची रांग लागलीय. पावसाळ्यात ह्यांचे दरवाजे वर असतात, पाऊस सरत आला की खाली टाकतात अन् पाणी अडवतात. मग प्रत्येक बंधाऱ्याच्या मागं मैलोन् मैल फुगवटा, पाणी एकदम शांत, वल्हं मारल्याशिवाय इंचभर सरकत नाही, अन् बंधाऱ्याच्या लगेच खाली कधी कधी नुसती वाळू अन् डबकी.

त्यामुळं "गोदावरीची पातळी किती" ह्या प्रश्नाला एक उत्तर नसतं, प्रत्येक फुगवट्याचं वेगळं असतं. नकाशावर तुमचा रस्ता बंधाऱ्यांनी तोडून घ्या, अन् प्रत्येक तुकड्यासाठी दोनच गोष्टी लिहा, खालच्या बंधाऱ्याची दारं टाकलेली आहेत का, अन् वरच्या बंधाऱ्यातून काही सोडलंय का. खालची टाकलेली अन् वरून काही नाही, तर तो तुकडा तळ्यासारखा, पोरासोरांना घेऊन जा. खालची उघडी अन् वरून पाणी येतंय, तर तुम्ही त्या दाराकडं ओढले जाणार, तिथं जायचंच नाही.

अजून एक. बंधारा भरला की मागून येणारं पाणी तसंच पुढं द्यावं लागतं, अन् दार कधी उचलायचं हे तिथला माणूस वरचा आदेश अन् पातळी बघून ठरवतो. रात्री दोनला पण उचलतात. आकाशात ढग नाही, पैठणहून काही सोडलेलं नाही, तरी तुमच्या तुकड्यात दोन फूट पाणी वाढू शकतं ते असं.

बंधाऱ्यावरून कॅनो उतरवता येते का? व्हिडिओत बघितलंय.

नाही. काठावर घ्या, उचला, खाली नेऊन टाका. तेवढं जमत नसेल तर ट्रिप दोन बंधाऱ्यांच्या मधेच करा.

ज्यांना कारण हवंय त्यांच्यासाठी: पाणी बंधाऱ्यावरून सरळ खाली पडतं तेव्हा पायथ्याशी पाणी मागं फिरतं. खालून बघितलं तर पांढरा फेस दिसतो अन् तो फेस बंधाऱ्याकडं येत असतो, खाली जात नसतो. त्यात सापडलेली होडी, लाकूड, माणूस, गोल गोल फिरत राहतो, लाईफ जॅकेट असलं तरी. गावाजवळच्या केटी वेअरवर (कोल्हापुरी पद्धतीचा छोटा बंधारा) हे जास्त फसवं असतं, कारण उंची दोन-तीन फुटांची असते अन् वरून येताना ती दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते अन् त्याच्या पुढं नदी नाही असं वाटतं. ती रेघ दिसली की काठ धरायचा. मोठ्या बंधाऱ्याचे गाळे लांबून दिसतात, तिथं निदान अर्धा किलोमीटर आधीच काठाला लागा. चौकीदाराला आवाज द्या, सांगून जा, तो अडवेल तर अडवू द्या, त्याची जागा आहे ती.

पैठणला सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत किती तासात येतं?

पाणी ज्या वेगानं वाहतंय त्याच्यापेक्षा वाढ पुढं पळते, मोकळ्या नदीत साधारण दीडपट धरा. म्हणजे तुम्ही नदीच्या वाटेनं ६० किलोमीटर खाली आहात अन् पाणी ताशी ४ नं चाललंय, तर वाढ ताशी ६ नं येणार, दहा तासांत तुमच्या तंबूजवळ. सकाळी आठला दरवाजे उचलले तर संध्याकाळी सहाला. पण हा हिशोब मधले बंधारे सगळे उघडे असतील तरच. एखादा बंद असेल तर आधी तो भरणार, मग त्याचा माणूस दार उचलणार, तोपर्यंत तुम्ही "दहा तास झाले, काही आलं नाही, बहुतेक कमी सोडलंय" म्हणून निवांत झोपलेले. म्हणून पैठणला नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की तास मोजत बसू नका, काठ चढा.

पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले असतात ते कसे वाचायचे?

ते मीटरमधे असतात, अन् बरेच ठिकाणी समुद्रसपाटीपासूनची उंची असते, नदीची खोली नाही. नांदेडच्या जुन्या पुलाजवळ इशारा पातळी ३५१ मीटर अन् धोका पातळी ३५४ मीटर आहे, ह्याचा अर्थ पाणी ३५१ मीटर खोल आहे असा नाही हो. ३५१ ते ३५४ मधे फक्त तीन मीटर आहेत, अन् ते तीन मीटर काय असतात हे नदीकाठच्या वस्त्यांना विचारा.

अन् हे आकडे गाव वाचवायला ठरवलेले आहेत, कॅनोवाल्यांसाठी नाहीत. पाणी इशारा पातळीच्या खूप खाली असताना सुद्धा आपल्यासाठी जास्त असू शकतं. आपल्याला त्या आकड्यातून एकच गोष्ट हवी, कल. सकाळी बघा, फोटो काढा, दुपारी परत बघा. केंद्रीय जल आयोगाच्या फ्लडवॉच इंडिया ॲपवर पण स्टेशनची पातळी अन् वाढतीय का उतरतीय हे दिसतं, ट्रिपच्या आठवडाभर आधीपासून रोज एकदा बघत जा, म्हणजे तुमच्या डोळ्याला नेहमीचं काय हे कळायला लागतं. एकच दिवस एकच आकडा बघून काही कळत नाही.

जिथं पट्टी नाही, नेट नाही, तिथं?

तिथं देवळं बघा. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनचं शनीचं देऊळ, पांचाळेश्वरचं मंदिर, खाली मुदगलेश्वराचं मंदिर, ही पात्रात किंवा पात्राला चिकटून आहेत, अन् मोठा विसर्ग झाला की पेपरात पहिली बातमी "मंदिर पाण्याखाली" हीच येते. घाटाच्या पायऱ्या तर फुकटची पट्टी, सगळ्यात खालची कोरडी पायरी कोणती ते धरून ठेवा.

अन् भोई लोकांना विचारा. विचारायचं पण कसं ते सांगतो. "मामा, पाणी सेफ आहे का?" असं विचारलं तर मामा म्हणणार "हाव, काय व्हत नाही", कारण ते रोज त्याच पाण्यात असतात. "मामा, काल सांजच्याला पाणी कुठवर व्हतं?" असं विचारा. मग ते बोट दाखवतात. शहागडच्या खाली एकदा एका म्हाताऱ्या मासेमाराला हेच विचारलं, त्यानं काही न बोलता जाळ्याचा खुंटा दाखवला, खुंट्याला दोरी बांधलेली गाठ पाण्याच्या वीतभर खाली गेलेली होती. "रातच्याला ही गाठ कोरडी व्हती. वाढायलंय. वरी कुणीतरी दार उचललंय." वर कोणतं दार, किती, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, जाळं काढायला लागला.

पाणी वाढायलंय का उतरायलंय हे आपलं आपण कसं ओळखायचं?

काडी रोवा. गंमत नाही, ह्याच्यापेक्षा भारी यंत्र अजून निघालेलं नाही. काठावर लागलात की पाण्याच्या बरोबर कडेला एक काडी रोवा, मोबाईलमधे वेळ बघा, चहा करा, अर्ध्या तासानं बघा. काडी पाण्यात गेली तर वाढतंय. उताराच्या काठावर थोडी वाढ पण लांबवर दिसते, म्हणून सपाट काठावर रोवा, उभ्या काठावर नाही.

काडी रोवायला वेळ नसेल तर डोळ्यांनी. पाणी वाढताना ते काठावरचा कचरा उचलतं, म्हणून वाळलेलं गवत, पालापाचोळा, चपला, थर्माकोल, फेसाचे गोळे हे सगळं मधल्या धारेत वाहायला लागतं. रंग बदलतो, हिरवट होतं ते चहासारखं व्हायला लागतं. काठावरची गवताची पाती पाण्याखाली हलताना दिसतात. उतरताना उलट, काठावर ओली पट्टी दिसते, कचरा काठाला रांगेत लागलेला असतो, अन् धारेत पाणी मोकळं असतं. नुसतं गढूळ आहे म्हणून वाढतंय असं नाही, वरती वाळू उपसा चालू असला तरी गढूळ येतं, त्यामुळं कचरा अन् गढूळ दोन्ही एकदम दिसलं तर मनावर घ्या.

उतरतं पाणी म्हणजे सेफ ना?

पाणी सेफ, काठ नाही. आपल्या काळ्या मातीचा काठ चार दिवस पाण्यात भिजलेला असतो, पाणी असेपर्यंत ते पाणीच त्याला आधार देतं. पाणी झपकन उतरलं की तो भिजलेला काठ स्वतःच्या वजनानं खाली येतो. झाडासकट येतो. पुरानंतर पहिले तीन-चार दिवस उभ्या काठाच्या खालून कॅनो नेऊ नका, अन् त्याच्या कडेवर तंबू पण नको. काठाला समांतर भेग दिसली, बोट जाईल एवढी जरी, तरी तिथून हला. अन् चिखल तर असा की गुडघ्यापर्यंत पाय गेला की चप्पल तिथंच राहते, सामान उतरवायला तासभर जातो.

पाण्याचा वेग मोजायचा सोपा मार्ग?

काठावर ३० मीटर पावलांनी मोजा. अर्धी भरलेली बाटली धारेच्या मधे टाका, सेकंद मोजा. ३० सेकंदात गेली तर सेकंदाला एक मीटर, २० सेकंदात गेली तर दीड मीटर. ही वरच्या थराची गती, आतलं सरासरी त्याच्या ८५ टक्के धरतात. तीनदा टाका, एकदा कधीच खरं येत नाही, बाटली कुठल्या तरी भोवऱ्यात अडकते. अन् बाटली परत काढून घ्या.

सामान भरलेली कॅनो दोघांनी वल्हवली तर शांत पाण्यात ताशी ४-५ किलोमीटर जाते. सेकंदाला दीड मीटर म्हणजे ताशी ५.४, म्हणजे त्या पाण्यात तुम्ही मागं वळू शकत नाही. नवख्यांनी सेकंदाला एक मीटरच्या वर दिसलं की थांबावं, आधीच सांगतो, थांबल्यावर कंटाळा येतो, पत्ते ठेवा सोबत.

कमीत कमी किती पाणी लागतं?

दोन माणसं अन् तीन दिवसांचं सामान घेतलेली कॅनो वीतभराच्या आतच पाण्यात बसते, चार-पाच इंच. पण वल्हं नीट बुडायला फूट-दीड फूट तरी हवं, नाहीतर दर फटक्याला वाळू उकरत बसता. घोट्याएवढं पाणी असलं की उतरा अन् ओढा. ओढत न्यायचं अंतर दिवसाला किलोमीटरच्या वर जायला लागलं की त्या महिन्यात त्या तुकड्यात जायचं नाही, एवढं साधं.

कमी पाण्यातला खरा धोका मात्र वाळूचे खड्डे. उपसा झालेल्या जागी घोट्याभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल एकदम दोन पुरुष खोल जातं. वरून काहीच कळत नाही. कॅनो ओढताना पण लाईफ जॅकेट अंगात ठेवायचं ते ह्याच्यासाठी, अन् कॅनोची कड सोडायची नाही. शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पण कमी पाण्यात वर येतात, त्यांना हात लावू नका, वल्ह्यानं उचलू नका.

मुक्काम वाळूच्या बेटावर करायचा का? फोटो भारी येतात.

फोटो काढा अन् काठावर या. बेट म्हणजे चारी बाजूनं पाणी, रात्री वाढलं तर अंधारात सामान भरून धार ओलांडायची. काठावर सुद्धा पाण्यापासून उभ्यानं माणूसभर उंचीवर तंबू लावा, लांबीनं नाही, उंचीनं. अन् मागं बघा, तुमच्या अन् शेताच्या मधे एखादा ओढा किंवा खोलगट भाग नाही ना. नदी वाढली की पाणी आधी त्या खोलगट भागातून मागून येतं, समोरून नंतर. पुराच्या कचऱ्याची जुनी रेघ बाभळीच्या फांद्यांत अडकलेली दिसते, पिशव्या, कडबा वगैरे, ती तुमच्या डोक्याच्या वर असेल तर पावसाळ्याच्या दिवसांत ती जागा सोडा.

रात्री काडी दोन रोवा, एक पाण्याच्या कडेला, एक तंबूकडं दोन हात वर. कोणीतरी रात्री उठतंच, उठला की बॅटरी मारून बघायचं. पहिली बुडाली तर सगळ्यांना सांगायचं, दुसरी बुडाली तर कोणाला न विचारता सामान वर न्यायचं. कॅनो झाडाला बांधा, दगडाला नाही.

सिंदफणा, पूर्णा, दुधना ह्या मधे येऊन मिळतात, त्यांचं काय?

मोठ्या धरणाची निदान बातमी येते, ह्यांची येतेच असं नाही. सिंदफणेवर माजलगाव धरण आहे, दुधनेवर (ही आधी पूर्णेला मिळते) निम्न दुधना, पूर्णेवर येलदरी अन् सिद्धेश्वर, त्यांचा विसर्ग वेगळा बघावा लागतो. अन् धरणाच्या खाली पडलेला पाऊस तर कोणाच्याच हिशोबात नसतो. बीड जिल्ह्यात चार तास जोरात पडला तर सिंदफणा संध्याकाळपर्यंत वेगळीच नदी होते. संगमाजवळ मुक्काम करायचाच असेल तर संगमाच्या वरच्या अंगाला करा, पण तिथं पण खालच्या नदीचं पाणी तुंबून मागं येतं, म्हणून मी तर संगम दुपारीच पार करून पुढं जातो. पूर्णा कंठेश्वरला मिळते, तिथून खाली नदी रुंद होते अन् विष्णुपुरीचा फुगवटा सुरू होतो, पुढं वारा हाच प्रॉब्लेम.

नाथसागरात पातळीचा विचार करायचा का?

वाऱ्याचा करा. एवढ्या मोकळ्या पाण्यावर दुपारचा वारा लाटा उठवतो, सकाळी दहाच्या आत आवरा. साठा उतरला की गाळाचं सपाट मैदान लागतं अन् काठ अर्धा किलोमीटर चिखलाच्या पलीकडं. शिवाय ते पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी घ्या. वरच्या बाजूला कायगाव टोक्याकडून येणार असाल तर अजून एक, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की समन्यायी वाटपानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघतो, म्हणजे पावसाळा संपल्यावर भर थंडीच्या तोंडावर प्रवरेला अन् गोदावरीला पाणी येऊ शकतं. त्या वर्षी पेपर वाचत राहा.

नांदेडच्या खाली बाभळीपर्यंत जायचंय.

बाभळीच्या बंधाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. २९ ऑक्टोबरनंतर दारं पडतात, म्हणून तो तुकडा नोव्हेंबरच्या मध्यापासून करा. १ मार्चला तेलंगणासाठी ०.६ टीएमसी सोडतात, त्या दोन-चार दिवसांत बंधाऱ्याच्या आसपास नको. विष्णुपुरीचे दरवाजे उघडे असताना नांदेड शहरातून तर जाऊच नका.

मग महिना कोणता?

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी. दारं पडलेली, फुगवटे भरलेले, काठ वाळलेले, हरभरा-ज्वारी उभी. फेब्रुवारीत पण चालतं पण मोटारींचा पाणी उपसा वाढतो अन् पातळी रोज बोटबोट उतरते. एप्रिल-मेमधे काही ठिकाणी क्रिकेट चालू असतं पात्रात. जून ते ऑक्टोबर मुक्कामी ट्रिप नको, सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

निघायच्या आदल्या दिवशी फोन कोणाला करायचा?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे, तो ज्या जिल्ह्यात असाल त्या जिल्ह्यात लागतो, एवढं लक्षात ठेवा, कारण गोदावरीचा एक काठ बीडचा अन् समोरचा जालन्याचा असं बरेच ठिकाणी आहे. तुमच्या रस्त्यातल्या बंधाऱ्यांच्या शाखा अभियंत्यांना किंवा चौकीदाराला भेटून आलात तर सगळ्यात भारी. गाडी घेऊन एक दिवस आधी सगळे बंधारे बघून या, कंटाळवाणं काम आहे पण पाणी डोळ्यांनी दिसतं. अन् काठावरच्या एखाद्या गावात ओळखीचा माणूस असेल तर त्याला सांगून ठेवा की दवंडी झाली, भोंगा वाजला, तलाठ्याचा मेसेज आला, की आम्हाला फोन कर. नदीच्या खोलगट पात्रात रेंज जाते, तेव्हा दुपारी अन् मुक्कामाच्या आधी काठ चढून रेंजमधे यायचं, मेसेज बघायचे.

मधेच सोडायची वेळ आली तर बाहेर कुठून निघायचं?

जिथं डांबरी रस्ता नदी ओलांडतो तिथून. शहागडचा हायवेचा पूल, ढालेगावजवळ माजलगाव-पाथरी रस्त्याचा पूल, गंगाखेड, खाली नांदेड. मधल्या गावांत बंधाऱ्यापर्यंत रस्ता असतोच, पण पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत पिकअप येत नाही, ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जातानाच घेऊन ठेवा, पैसे आधी ठरवा, अन् कॅनो ट्रॉलीत आडवी बसत नाही, मागं चार फूट बाहेर येते, तिला लाल फडकं बांधा.